शेकडा काढला का जी?

माझ्या सासूबाईंचा रस्सा मी कॉम्प्युटरवर हरवला, आणि त्याच दुपारी त्यांनी मला कागदावर.

झालं असं, की माझी बायको मीनल बाळंतपणाला नागपूरला गेली नाही. तिचं माहेरच पुण्यात आलं. म्हणजे सासूबाई आल्या. सोबत मसाल्याचे तीन डबे! लेकीच्या बारशासाठी ठरवलेला आचारी म्हणाला, "पातळ भाजी एकच होईल." झालं! आईला तिची गूळ घातलेली आमटी हवी, सासूबाईंना पाटोडीचा रस्सा. (बेसनाच्या वड्या, आणि भोवती तिखटाचा जाळ.)

"रस्सा छानच असेल हो विहीणबाई," आई म्हणाली, "पण आमच्याकडे जेवून लोकांना शुद्धीत घरी जायचं असतं."

सासूबाई त्या रात्री कमी जेवल्या. मला खरंच वाईट वाटलं.

तेव्हा मी नुकताच सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो आणि घरी कॉम्प्युटर आला होता. त्यामुळे जगातला कुठलाही तंटा तक्त्यात बसतो, अशी माझी खात्री होती! आठवडाभर बाळ बघायला पाहुणे येत होते. आई सगळ्यांना आमटी वाढायची. रस्सा फक्त मागेल त्याला. मी मोरीपाशी उभा राहून वाट्या मोजल्या. (बायकोला वाटलं, घासतोय.) आडव्या ओळी दोन: आमटी, रस्सा. उभे रकाने दोन: 'चाटूनपुसून' आणि 'उरली'.

रविवारी मी रंगीत प्रिंट काढून निकाल वाचला, "चाटूनपुसून आमटी बारा वाट्या, रस्सा पाच. आमटी विजयी!"

आईने विजयाने पदर खोचला. सासूबाईंनी चष्मा लावला. त्या तीस वर्षं सातवीला गणित शिकवत होत्या, हे मी साफ विसरलो होतो!

"थांबा जी जावईबापू. आमटीच्या एकूण किती वाट्या वाढल्या?"

"चोवीस."

"अन् रश्श्याच्या?"

"सहा."

"मंग शेकडा काढला का जी? तुमच्या आमटीच्या निम्म्या वाट्या उरल्या. माझ्या रश्श्याच्या सहापैकी पाच पुसून खाल्ल्या, शेकडा त्र्याऐंशी! बाप्पा, एवढे मोठे इंजिनियर, अन् नुसत्या वाट्या मोजून राहिले?"

मी प्रिंटकडे पाहिलं. प्रिंट रंगीतच होतं.

"त्या पाचातल्या दोन माझ्या," आई हळूच म्हणाली. "चव बघायला घेतली होती... दोनदा."

सासूबाई इतक्या हसल्या, की बाळ जागं झालं! रस्सा पक्का झाला. मग त्यांनी पुन्हा चष्मा सावरला.

"अन् ती सहावी वाटी? कोणी टाकली?"

मी कॉम्प्युटर बंद करायला गेलो. मीनल म्हणाली, "आई, यांनीच. वर अर्धा तास बर्फ चोखत होते."

बारशाला सासूबाई वाढायला खास माझ्या पानासमोर उभ्या राहिल्या. "शेकडा शंभर करून टाकू जी!" मी वाटी पुसून खाल्ली आणि तसाच पाळण्याशी फोटोला उभा राहिलो. सगळ्या फोटोंत माझ्या डोळ्यांतून धारा लागल्यात. लेक अजून तो अल्बम मैत्रिणींना दाखवते आणि सांगते, "माझं नाव ठेवलं तेव्हा बाबा किती रडला होता, बघ!"