पाच मिनिटं पुढचं घड्याळ

अख्खा बाजार त्याला 'बाराची तोफ' म्हणत असे. त्याचा आवाज मात्र शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू जात नसे. नाव पडलं होतं ते घंटेमुळे. घाऊक भाजीबाजाराच्या राखणीसाठी व्यापाऱ्यांनी मिळून खासगी सुरक्षा दल ठेवलं होतं. चाळीस माणसं, राखाडी गणवेश, हातात काठी. ना धड पोलीस, ना नुसते पहारेकरी. त्या दलात त्याची चोवीस वर्षं गेली होती आणि त्यातली एकोणीस वर्षं दुपारची घंटा त्याच्याकडे होती.

त्या घंटेवर बाजाराचा एक जुना नियम चालत असे. लिलावाच्या गडबडीत जमिनीवर जे सांडेल ते बारापर्यंत व्यापाऱ्याचं. घंटा झाली की वेचणाऱ्या बायकांचं. पास असलेल्या अशा तेरा बायका होत्या. त्यांतली एक त्याची थोरली वहिनी. भाऊ गेल्यापासून ती त्याच्याच दोन खोल्यांत राहत होती आणि वेचलेली भाजी निवडून, धुऊन नाक्यावर विकत होती. घरी ती त्याला भावोजी म्हणे, बाजारात साहेब. फाटकाच्या आत ओळख दाखवायची नाही, हे दोघांनी न बोलता ठरवलेलं होतं.

माणूस काटेकोर. कामाला उशीर नको म्हणून मनगटावरचं घड्याळ तो पाच मिनिटं पुढे ठेवी. घंटा मात्र काटाघराच्या भिंतीवरच्या घड्याळाबरहुकूम. आधी वहीत 'घंटा, १२.००' अशी नोंद, मग हातात हातोडा. बायको म्हणायची, यांचं लिहून होईपर्यंत सूर्यसुद्धा डोक्यावर थांबून राहतो.

त्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला गेलं होतं. त्याने मनगटाकडे पाहिलं, नोंद केली आणि टोले दिले. अकरा नंबरच्या गाळ्यासमोर नुकतंच कांद्याचं एक पोतं उसवलं होतं. बायका पुढे झाल्या आणि बघता बघता जमीन साफ झाली.

कांद्याचा व्यापारी तेव्हा आत फोनवर होता. बाहेर येऊन पाहतो तर पोतं अर्धं. फोनवर बाराला चार मिनिटं कमी होती. उरलेला माल आवरून तो दलाच्या प्रमुखाकडे गेला. बायका सांगत होत्या की घंटा ऐकूनच आम्ही हात लावला. घंटा सगळ्यांनी ऐकली होती, पण ऐकताना घड्याळ कुणी पाहिलं नव्हतं. प्रमुखाने वही मागवली. वहीत बारा. म्हणजे बायकांनी घंटेआधीच माल उचलला. तेराही पास जमा करून घ्यायचा हुकूम झाला.

प्रमुखाच्या टेबलावर एक छोटं घड्याळ होतं. वही आणून ठेवताना घंटेवाल्याने ते पाहिलं, मग आपलं मनगट पाहिलं. मनगटावर पाच मिनिटं जास्त होती. वही ठेवून तो बाहेर पडला. पंधरा दिवसांवर हेडगार्डची नेमणूक आली होती आणि यादीत त्याचं नाव पहिलं होतं. चोवीस वर्षांत त्याच्या नावावर एक शेरा नव्हता.

घरी वहिनी नेहमीसारखी पोळ्या लाटत होती. बायकोने दोन-तीनदा विषय काढला, आता वहिनींनी करायचं काय, असंही विचारलं. तो जेवत राहिला. ताट उचलताना वहिनी म्हणाली, "भावोजी, घंटा ऐकूनच वाकले मी. तुम्हाला काही विचारत नाही. नुसतं सांगून ठेवते."

सकाळी तो पाळीच्या आधी कार्यालयात गेला. वहीत खाडाखोड करायची नाही, असा नियम होता. त्याने आदल्या दिवशीच्या नोंदीवर एक सरळ रेघ मारली, शेजारी '११.५५, घड्याळ पुढे होतं' असं लिहिलं, सही केली आणि वही प्रमुखासमोर उघडून ठेवली.

प्रमुखाने दोनदा वाचलं. "तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नाही, साहेब."

"यादी आजच वर जायची होती. एक दिवस थांबला असतात तर?"

"पास कालच गेलेत, साहेब."

संध्याकाळपर्यंत तेराही पास परत मिळाले. व्यापारी कुरकुरत राहिला, पण घंटा झाल्यावर बोलायची त्यालाही सोय नव्हती. हेडगार्ड दुसराच झाला, वयाने आठ वर्षांनी लहान. घंटा त्याच्याकडे गेली, आणि याची बदली मागच्या फाटकावर झाली. तिथून रिकामे क्रेट जात आणि वेचणाऱ्या बायका बाहेर पडत. त्यांच्या पिशव्या तपासायच्या, एवढंच काम. नाव मात्र तेच राहिलं. हमाल म्हणत, तोफ हलवली, पण दारूगोळा शाबूत आहे.

पहिल्या दिवशी घंटा झाली तेव्हा त्याच्या मनगटावर बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. त्याने काटे मागे घेतले नाहीत. अर्ध्या तासाने बायका येऊ लागल्या. वहिनी सातवी. तिने सांगायच्या आत पिशवी उघडली. त्याने इतरांसारखाच तिच्याही पिशवीत कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. वर टोमॅटो, खाली कांदे.

"नीट बघा, साहेब," ती म्हणाली. "हल्ली मीसुद्धा घड्याळ बघून वाकते."

मागच्या बाया हसल्या. त्याने पिशवी बांधून तिच्या हातात दिली आणि आठवीला पुढे बोलावलं.