शेंदरी दगडांची वाट

पैनगंगेच्या तेलुगू मुलखाकडच्या काठावर, बेला गावाच्या बाजूला एका खेड्यात हर्षदीप मुनेश्वर राहतो. वय चाळिशीच्या पुढे, अंगानं शिडशिडीत, आणि घरात बिननोकरीचा तेवढा तोच. थोरला भाऊ निर्मल या जिल्ह्याच्या गावी क्लार्क, हर्षदीपची बायको प्रगती शाळेत मास्तरीण. हर्षदीपनं सगळ्या परीक्षा दिल्या आणि प्रत्येकीत तो थोडक्यासाठी राहिला. सायकल मात्र त्यानं कधी सोडली नाही. घराघरापुढे मोटारसायकल असलेल्या गावात मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला गडी सायकलवर हिंडतो म्हटल्यावर लोकांना आयताच विषय मिळायचा.

वनखात्यानं राखीव जंगलातून सायकल सहलींची वाट काढायचं ठरवलं तेव्हा त्याचं नशीब फळफळलं. जंगल पायाखालचं असलेला आणि सायकल मारू शकणारा माणूस पंचक्रोशीत तोच निघाला. नाक्यापासून निघायचं, सागाच्या रानातून नाला ओलांडायचा, तळ्यावर पोचायचं आणि टेकडीला वळसा घालून परत यायचं, अशी वाट त्यानं बसवली. नागपूर-हैदराबादचे लोक म्हशीपेक्षा महाग सायकली घेऊन येऊ लागले. पुढे हा, मागे ते. गावात त्याला सर म्हणणारं कोणी नव्हतं, ते सर म्हणायचे. हर्षदीपला त्याचं फार सुख वाटायचं.

जंगलात फोनला रेंज नाही, म्हणून वळणावळणावर खुणा करायला रेंजरसाहेबांनी सांगितलं होतं. पत्र्याच्या पाट्या लावल्या तर त्या आठवड्याभरात गोठ्यांच्या छपरांवर जायच्या. तेव्हा हर्षदीपनं वाटेकडेला गुडघाभर उंचीचे दगड रोवले. शेजाऱ्याची ट्रॉली रंगवून डबाभर ऑइलपेंट उरला होता, तो त्यांना चोपडला. रंग होता शेंदरी. वाळल्या पाल्यात लांबून उठून दिसायचा, आणि हर्षदीपनं तेवढंच पाहिलं.

घरात देव असलेला माणूस उभ्या दगडाला शेंदरी रंग लावताना दोनदा विचार करील. मुनेश्वरांच्या घरात दोन पिढ्या देव नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यापलीकडे काही नाही. म्हणून ही चूक करायला हर्षदीपच पाहिजे होता.

मोहाची फुलं वेचायला जाणाऱ्या बायांनी आधी नुसते हात जोडले. मग हळदकुंकू आलं, अगरबत्ती आली, पाठोपाठ नारळ. हर्षदीपचा बाप धोंडीबा खाटेवर बसून हसला. म्हणाला, "माह्या बापानं देव पैनगंगेत सोडले, अन् तू जंगलात नवे मांडून आला." प्रगतीलाही हसू आवरलं नाही. हर्षदीपनं ते सगळं हसण्यावारी नेलं, तेही जरा चुकलंच.

कारण खोबऱ्याच्या वासानं अस्वलं आली. एका रविवारी हैदराबादचा एक गृहस्थ वळणावर वळला तर समोर अस्वल करवंटी चाटत बसलेलं. गृहस्थ सायकल टाकून एकीकडे पळाला, अस्वल दुसरीकडे पळालं. दोघांनाही इजा झाली नाही, पण बातमी रेंजरसाहेबांपर्यंत गेली. त्यांनी रोकठोक सांगितलं की येत्या रविवारच्या मोठ्या सहलीआधी एकूण एक दगड निघाला पाहिजे. नाही निघाला तर वाट बंद, आणि वाटेबरोबर हर्षदीपचं कामही. गावातला माणूस दगडाला हात लावीना. खात्याच्या चौकीदारानं तर चप्पल काढून नमस्कारच केला. तेव्हा साहेब हर्षदीपला म्हणाले की तुम्ही लोक देव मानत नाही ना, मग तुम्हीच काढा.

ते त्याला लागलं. पण वाट गेली तर पुन्हा तोच बिननोकरीचा हर्षदीप उरणार होता, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. शनिवारी सकाळी त्यानं सायकलच्या दांडीला पहार बांधली आणि निघाला. एकेक दगड उपटायचा, रंगाची बाजू खाली करून झुडपात लोटायचा. दगड ते दगडच, असं तो स्वतःला सांगत होता आणि ते त्याला खरंच पटत होतं.

शेवटचा दगड नाल्याच्या उतारावर होता. तिथं रेणुकाबाई बसलेली. गावच्या माळ्याची बाई, भाजीपाला पिकवणारी, वर्षभरापूर्वी नवरा गेलेली. दगडासमोर मांडी घालून ती बोलत होती. वांग्यांवर कीड पडली, सुनेनं दुधाचं पातेलं करपवलं, नातवाला दात आला, असं बारीकसारीक चाललं होतं. मागणं काही नव्हतं. पहार बघून ती थांबली.

हर्षदीपनं चाचरत सांगितलं की हा देव नाही, वाट कळावी म्हणून आपणच रंगवलेला दगड आहे.

"मले मालूम हाय," रेणुकाबाई म्हणाली. "तू रंगवत होता तवा मी त्या मोहाखालीच होती. ट्रॉलीचा रंग हाय तो."

"मंग मावशी, काऊन येता इथं?"

ती पहारीकडे बघत म्हणाली, "आमचे मालक होते तवा रोज संध्याकाळी त्याइच्यासंग बोलत बसो. आता घरात एकटी बोलली का सून लेकाले म्हनते, बुढीचं डोस्कं फिरलं. इथं येऊन बोलली तं कोनी काई म्हनत नाई. देवाशी बोलून राह्यली, म्हनते. तू दगड काढशीन बाबू, तं उद्यापासून मी येडी."

हर्षदीप खाली बसला. त्याला तिची दया आली, आणि स्वतःचा राग आला. मग त्यानं अस्वलाचं सांगून तिला नारळ आणू नका म्हणून विनवलं. मग आणू काय, असं तिनं विचारलं. काही आणू नका, नुसत्या या, तो म्हणाला.

दगड तसाच ठेवून त्यानं वाट हलवली. नाल्याच्या खालच्या अंगाला बैलगाड्यांची जुनी चाकोरी होती, लांबची आणि रेताड. रविवारी मंडळी तिथून निघाली तेव्हा चाकं रुतली. म्हशीपेक्षा महाग सायकली हातानं ढकलाव्या लागल्या, आणि दोघातिघांनी उघड कुरकुर केली. रेंजरसाहेब स्वतः सायकल घेऊन आले होते. घाम पुसत त्यांनी वर पाहिलं, तर झाडांमधून शेंदरी रंग दिसत होता. एक दगड कसा राहिला, त्यांनी विचारलं. आवाज चढलेला होता.

साहेब तेलुगू बोलणारे, म्हणून हर्षदीप त्यांच्याशी हिंदीत बोलायचा. पण आता जो शब्द निघाला, तो त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकलेला नव्हता. बापानं ऐकला असता तर खाटेवरून उठला असता. हर्षदीपनं सायकल उभी केली, साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "वो हमारा पत्थर नहीं है, साहब. वो देव है."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि सायकल ढकलायला लागले.