वणीच्या घाटात ट्रिपल सीट

निखिल बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाला आणि आमच्या घरातली झोप उडाली. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्याला प्रवेश मिळत होता, आणि नेमकं त्याच आठवड्यात चिरंजीव त्र्यंबक रोडला ट्रिपल सीट शर्यत लावताना घसरले. त्याला नुसतं खरचटलं. मागे बसलेल्या मित्राच्या खांद्याचं हाड मोडलं. त्या मुलाच्या आईसमोर मान खाली घालून उभा राहिलो, आणि तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचो. पुणं रद्द, नाशकातच बी.एस्सी. कर, असं मी जाहीर केलं. बायको म्हणाली, "अहो, पडला तो तुमच्या डोळ्यांसमोर राहूनच ना?" मी आवाज चढवला. आमच्या गाडीची किल्ली मोठ्या हुशारीनं देव्हाऱ्यात, कुलदेवीच्या टाकाखाली लपवली. दुसऱ्या दिवशी हा मित्राची गाडी घेऊन दारात हजर.

प्रवेशाची मुदत संपत आली तसा माझा धीर सुटला. मी सप्तशृंगीला साकडं घातलं, की निर्जळी उपास धरून नांदुरीपासून अनवाणी गड चढतो. वर पोहोचेपर्यंत तू काय ते सांग, पोराला पाठवू की ठेवू? मला मधुमेह आहे, हे देवीला ठाऊक असेलच असं धरून चाललो. आता माझी अक्कल ऐका. उपास म्हणून सकाळी काही खाल्लं नाही, पण औषधाला उपास कसला, म्हणून साखरेची गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर न चुकता घेतली. बायकोला यातलं काही कळू दिलं नाही. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तिला एसटीनं वर पाठवलं. निखिलला सोबत चालायला सांगितलं, तर "वर भेटतो" म्हणून त्यानं मित्राच्या गाडीला किक मारली.

घाट चढू लागलो. ऊन डोक्यावर, डांबर तापलेलं, आणि मनात एकच प्रश्न. त्यात थोड्या थोड्या वेळानं गाडीचा आवाज यायचा. निखिल वरून खाली जायचा, खालून वर यायचा, माझ्याजवळून जाताना बघायचा आणि पुढे निघायचा. देवीच्या दारातसुद्धा याची मस्ती सुटत नाही, या विचारानं मी आणखी तापलो. प्रत्येक वळणावर तो दिसेनासा झाला की कान देऊन उभा राहायचो. ब्रेक करकचण्याचा, पडण्याचा आवाज येतोय का?

पडलो मात्र मी. आधी हात थरथरले, मग घामानं सदरा भिजला, आणि समोरचा कठडा हलायला लागला. खाली बसलो तो उठताच येईना. मागून पायी येणारा एक उंच गृहस्थ धावत आला. कपाळभर कुंकू, खांद्यावर मळकं उपरणं. "काय व्हयनं, भाऊ?" त्यानं विचारलं. बोली बागलाणकडची. मी कसंबसं "साखर… गोळी…" म्हणालो. त्यानं पिशवीतून पेढा काढला. मी मान हलवली, उपास आहे म्हणालो. "देवीना परसाद शे. खा गुपचूप!" असं दरडावून त्यानं पेढा माझ्या तोंडात घातला.

तेवढ्यात निखिल आला. गाडी टाकून धावला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाबा, आईनं सांगितलं होतं, लक्ष ठेव म्हणून. मी येतच होतो ना सारखा," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. घाटात दुसरं वाहन दिसेना. मग त्या गृहस्थानंच ठरवलं, खाली नांदुरीला डॉक्टरकडे न्यायचं. मला मध्ये बसवलं, स्वतः मागे बसून उपरण्यानं मला निखिलच्या पाठीशी बांधलं. "मी धरस, तू हळू चालाव, पोरा."

ज्या ट्रिपल सीटवरून मी महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं, त्याच ट्रिपल सीटवर मी घाट उतरलो. इतकी सावकाश गाडी आयुष्यात कुणी चालवली नसेल. सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. माझा कान निखिलच्या पाठीवर होता. त्याची छाती धडधडत होती. ते ऐकून मला फार बरं वाटलं. या मुलाला भीती वाटते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

नांदुरीच्या डॉक्टरांनी माझी यथेच्छ हजेरी घेतली. पाणी, साखर, पुन्हा पाणी. निखिलनं फोन केला तशी बायकोही एसटीनं खाली आली. बरं वाटल्यावर त्या गृहस्थाला नमस्कार करायला बाहेर आलो, तर तो निघून गेला होता. नाव विचारायचं राहिलं. त्याचं उपरणं तेवढं गाडीवर होतं. ते आता आमच्या देव्हाऱ्यात आहे. तो कोण होता यावर मी वाद घालत नाही.

त्या दिवशी मी वर पोहोचलोच नाही, तेव्हा देवीनं ठरल्याप्रमाणे उत्तर दिलं की नाही, कोण जाणे. घरी आल्यावर टाकाखालची किल्ली काढून बायकोच्या हातात दिली आणि म्हटलं, "पुण्याची तयारी करा."

भीती गेली नाही. त्याचा रविवारचा फोन यायला उशीर झाला की अजून घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालतो. मग देव्हाऱ्यापुढे बसतो, त्या उपरण्याला हात लावतो. माझा हात पुण्यापर्यंत पोहोचत नाही. पोराच्या मागच्या सीटवर कुणीतरी बसलं असेल, त्याला घट्ट धरून.