निर्माल्याची कुट्टी

केडगावच्या आमच्या कॉलनीत मला निर्माल्यवाले काका म्हणत. मला ते नाव आवडायचं, म्हणून मीही ते चिकटू दिलं. कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत एक मोकाट गाय हार प्लॅस्टिकच्या पिशवीसकट चघळत असलेली मी पाहिली आणि त्या दिवसापासून आजूबाजूच्या समस्त गाईंची जबाबदारी आपल्यावर आहे, अशी माझी समजूत झाली. देवीच्या देवळाबाहेर मी एक निळं पिंप ठेवलं. 'फुले इथे टाका, पिशवी घरी न्या' अशी पाटी स्वतः रंगवली. कुणी पिशवीसकट टाकलं की मागं जाऊन त्याला गाईच्या पोटातल्या प्लॅस्टिकविषयी सांगायचो. बायको म्हणायची, "लोक देवीपेक्षा तुम्हाला जास्त घाबरायला लागलेत." मला ते कौतुक वाटायचं.

फुलं मी गच्चीवर पसरून निवडायचो. दोरा, टाचणी, उदबत्तीच्या काड्या, जरीचा कागद, सगळं बाजूला. बायको तांदूळसुद्धा इतके बारकाईनं निवडत नसेल. मग प्रश्न उरायचा की या फुलांचं करायचं काय. पायदळी येता कामा नयेत. नदीत टाकावीत तर पाणी नासतं, आणि तेही मीच लोकांना सांगत असे. घंटागाडीत टाकायला मन होत नाही. आमच्याकडं अशा वेळी एकच जागा उरते, ती म्हणजे गाय. देवाची फुलं गाईच्या मुखी गेली की कुणाचंच काही बिघडत नाही.

गाय होती गावाकडं, राहुरीच्या अलीकडं, माझ्या थोरल्या भावाच्या गोठ्यात. पण गाय भावाची म्हणणं चूक आहे. भाऊ साखर कारखान्यात पाळीवर जातो. ती वहिनीची. आई दगावलेलं वासरू वहिनीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आता ती पहिल्यांदाच गाभण होती आणि दिवाळीनंतर विणार होती. वहिनी फोनवर नवऱ्याची खुशाली एका वाक्यात सांगायची आणि गाईची चार वाक्यांत.

नवरात्र संपलं तेव्हा पिंप दोनदा भरलं होतं. दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी स्कूटरवर पोतं बांधून गावाला गेलो. झेंडू, शेवंती, लाल-गुलाबी फुलांचे पानं ओवलेले हार, सगळं सुकत आलेलं. मी एक हार गाईपुढं धरला. तिनं वास घेतला आणि मान फिरवली. मी दुसरीकडून गेलो. तिनं तिकडूनही फिरवली.

"ऱ्हाऊ द्या भाऊजी," वहिनी म्हणाली. "शिळी फुलं हायेत. न्हाई खायाची ती."

"देवीचा प्रसाद आहे वहिनी. जरा कुट्टी करून देतो, मग खाईल."

"तिला न्हाई आवडत तर कशापाई?"

पण माझ्यासारख्या माणसाला नकार म्हणजे अज्ञान वाटतं, मग तो गाईचा का असेना. मी पोतं कडबाकुट्टीच्या मशीनवर नेलं. हार, फुलं, पानं, सगळं कडब्याबरोबर बारीक केलं. त्यात पेंड कालवली, वर गुळाचं पाणी शिंपडलं. आता तिला फुलं वेगळी काढताच येईनात. तिनं गव्हाण जवळजवळ साफ केली. मी मोबाईलवर तिचा फोटो काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेली बरीच चित्रं आली.

सकाळी वहिनीच्या हाकेनं जाग आली. गाय बसली होती. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, मागं पातळ जुलाब झालेला, कान गार. वहिनीनं तिच्या गळ्याखाली हात घातला होता. गाय आणि पोटातलं वासरू, दोन्ही जातात की काय, हे वहिनीच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि ते येईपर्यंत तपासाला लागलो. असा तपास करायला मला आवडतं, हे इथं लपवण्यात अर्थ नाही. गोठ्यामागं बांध आहे. बांधापलीकडची जमीन माझ्या शाळासोबत्याची. बांधावरचं गवत पिवळं पडलं होतं. मी त्याला हाक मारून बोलावलं.

"तणनाशक मारलंस का रे?"

"व्हय, मंगळवारी. का रं?"

"ये, बघ तुझं काम."

तो बांध ओलांडून आला आणि गाईकडं बघून त्याचा चेहराच पडला. "आरं, पन वहिनी तिला इकडं सोडतच न्हाई."

"वाऱ्यानं उडत नाही का? पाण्यात उतरत नाही का? तुम्हा लोकांना पंपाचं बटण तेवढं कळतं." मग मी त्याला जमिनीतल्या विषाविषयी, पाण्यातल्या विषाविषयी आणि पुढच्या पिढ्यांविषयी सांगितलं. गाय लाळ गाळत होती आणि मी पुढच्या पिढ्यांवर बोलत होतो. त्यानं एकदाही माझं बोलणं तोडलं नाही. घरून पोती आणून गाईच्या अंगाखाली सारली, मग तिच्या पाठीला टेकून बसला. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "माज्यामुळं काय झालं तर माजी कालवड तुमची." वहिनी म्हणाली, "आदी ही उठू द्या."

डॉक्टर आले. त्यांनी गाईच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"ठोके चुकतायत," ते म्हणाले. "काय खाल्लंय हिनं?"

मी बांधाकडं बोट दाखवून तणनाशकाची हकिकत सुरू केली. ते ऐकत ऐकत गव्हाणीपाशी गेले आणि तळाशी उरलेला चारा बोटांनी चाळू लागले. मशीनच्या पात्यातून निसटलेलं एक लांबट, चिवट पान त्यांनी वर धरलं. मग एक गुलाबी पाकळी.

"इथं कण्हेर कुठाय?"

"कण्हेर? न्हाई ओ," वहिनी म्हणाली. "कण्हेर कोन लावंल गोठ्याजवळ? इख असतंय तिच्यात, पोरासोरांना बी ठाऊक हाय."

मलाही ठाऊक होतं. लहानपणी मी त्या झाडाला हात लावला म्हणून आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला होता. पण ती कुंपणावरची कण्हेर. हारात ओवली, देवीच्या गळ्यात गेली की ती माझ्या लेखी फूल झाली. मी त्यातली प्रत्येक टाचणी काढली होती.

"माझी आहे," मी म्हणालो. मग उगाच जोडलं, "म्हणजे देवीची."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "हिनं खाल्ली कशी पण? कडू असते, जनावर वास घेऊन सोडतं."

"सोडली होती," वहिनी म्हणाली. "भाऊजींनी कुट्टी करून घातली. वर गूळ."

डॉक्टर बॅग उघडायला वळले. ते मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी कोळशाची पूड पाण्यात कालवून नळीनं तिच्या पोटात सोडली, इंजेक्शनं दिली. तिला उठवू नका, चालवू नका, हृदयावर ताण नको, म्हणाले. रवंथ करायला लागली तर सुटली. वासराचं आताच सांगता येत नाही.

मी शाळासोबत्याकडं वळलो. सकाळभर त्यानं माझं पाप मांडीवर घेऊन बसावं असा मी बंदोबस्त केला होता. "माफ कर रे, मी तुला..." असं काहीतरी सुरू केलं. पश्चात्ताप मला व्यवस्थित, पहिल्यापासून सांगायला लागतो.

"गप बस जरा," तो म्हणाला. "सकाळी वाऱ्यावर भाषान, आता माफीवर भाषान. तिला बी झोप लागू दे." मग म्हणाला, "आन लेका, कालवड वाचली माजी." तो हसला तशी वहिनीही तोंडाला पदर लावून जरा हसली आणि मग त्याच पदरानं तिनं डोळे पुसले.

मला काम हवं होतं. पाणी आणू का, विचारलं. वहिनी म्हणाली, "तुमी नगा आनू." गव्हाण धुऊ का, विचारलं. तीही तिनं स्वतः धुतली. उरलेल्या कुट्टीचं पोतं खड्डा घेऊन पुरलं, तेवढं मला करू दिलं. तेही सोबती उभा राहून बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाईचा जबडा हलायला लागला. वहिनीनं मला हाक मारली नाही, सोबत्याला मारली. मी पडवीतून बघितलं. एरवी ज्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही असं ते चघळणं मी चहा गार होईपर्यंत बघत बसलो.

कॉलनीत परतल्यावर ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. खाली सवयीनं हात जोडलेली चित्रं आली. पिंप अजून आहे, पण फुलं आता कॉलनीच्या मागं खतासाठी खड्ड्यात जातात. पाटी मी काढली.

दिवाळी होऊन गेल्यावर गाय व्याली. कालवड झाली, उशिरा उभी राहिली, पण राहिली. पहिल्या चिकाचा खरवस वहिनीनं स्टीलच्या डब्यातून शाळासोबत्याबरोबर केडगावला धाडला. त्यानं तो माझ्या हातात न देता बायकोच्या हातात दिला. मी वाटी घेतली आणि तोंडाजवळ नेण्याआधी वास घेतला. बायको बघत होती. "गूळ आहे त्यात," ती म्हणाली. "मान फिरवू नका."

दुधाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काय घालावं याचा मी दोन दिवस विचार केला. साखर, गहू, बागेतले पेरू. पेरूवर काही फवारलं असेल का, असंही मनात आलं. शेवटी वहिनीलाच फोन करून विचारलं.

फोनवर मागं कालवड ओरडत होती. वहिनीनं तिला चुचकारलं आणि मग मला म्हणाली, "भाऊजी, तुमी आपला रिकामाच धाडा."

मी डबा धुतला, उन्हात वाळवला आणि रिकामा धाडला.