बयाबाईंची पिल्लं आणि जानेवारीचा गारठा

तो पडदा मीच सोडला. आधीच सांगून टाकतो, कारण सुदुंबऱ्यात कुठेही गेलो तरी मी पोचण्याआधी ही हकिकत पोचलेली असते.

तळेगावच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून मी निवृत्त झालो आणि सुदुंबऱ्यात चार गुंठे घेऊन वांगी लावू लागलो. शेजारीच बयाबाईंची पोल्ट्री. गेल्या जानेवारीत थंडीची लाट आली, त्या दिवशी उन्हं कलताना मी खताची पाटी मागायला गेलो, तर त्या कोळशाचं पोतं आणायला निघालेल्या.

"गुरुजी, धा मिंटं बसा हितं. नुसतं बसा. काय करू नगा."

नुसतं बसणं मला जन्मात जमलेलं नाही. शेडमधल्या उग्र वासानं डोळे चुरचुरले, म्हणून उत्तरेकडच्या जाळीवर खालून वर ओढून बांधलेल्या ताडपत्रीच्या पडद्याची दोरी जराशी सैल केली. पडदा सगळाच खाली आला आणि ती बाजू उघडी पडली. तेवढ्यात बायकोचा फोन. स्वेटर घातलाय का, एवढाच तिचा प्रश्न होता. मी बाहेर जाऊन तिला उत्तरेचे वारे मावळापर्यंत कसे येतात ते सविस्तर समजावलं. मी समजावत होतो आणि वारे माझ्या पाठीमागून आत शिरत होते.

कोळसा घेऊन परतणाऱ्या बयाबाईंनी अजून शेड पाहिलीही नव्हती. रस्त्यावरूनच त्यांनी कान टवकारले, "पिल्लं वरडत्यात!" म्हणाल्या आणि पोतं टाकून धावल्या.

आत भाताच्या तुसावर चार दिवसांची दोन हजार पिल्लं, अंगावर नुसती लव; ऊब धरणारी पिसं फुटायला अजून तीन आठवडे. कोळशाच्या शेगड्यांभोवती लावलेल्या पत्र्याच्या गोल कड्याच्या एका बाजूला, एकमेकांच्या अंगावर चढून त्यांचा पिवळा ढीग झाला होता. वरची ऊब शोधत होती, खालची गुदमरत होती.

"बगत काय ऱ्हायलात? पडदा बांदा!"

मी बांधला. बयाबाई कड्यात उतरल्या आणि निवडायला घेतलेल्या तांदळासारखा तो ढीग हलक्या बोटांनी पसरू लागल्या. पाय मात्र उचलत नव्हत्या, तुसातून घासत सरकत होत्या. पाय उचलून टाकला तर खाली पिलू असायचं! बाई सगळीकडे अशाच चालतात. वलवणला पुतणीच्या लग्नातही मांडवातून घासत गेल्या, तेव्हा गुडघे धरले असतील म्हणून मी त्यांना आयुर्वेदिक तेल नेऊन दिलं होतं. ते बहुधा देवाच्या दिव्यात जळलं.

अकरा पिल्लं गेली. त्यांनी ती घमेल्यात ठेवली, वर गोणपाट टाकलं. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काहीतरी दिलासा द्यावा म्हणून मी फोन काढला. "आज रात्री किमान तापमान बारा दाखवतायत. फार नाही."

"ते पुन्याचं. आमी काय पुन्यात ऱ्हातो व्हय? वारा पडला बगा आता, आभाळ बी निवाळ. हितं वढ्याच्या अंगाला लय गार पडनार."

सकाळी शेडबाहेर टांगलेल्या त्यांच्या तापमापकात सात होते. कड्यातला दुसरा तापमापक दोरीला टांगलेला, पिलाच्या पाठीइतक्या उंचीवर. आपल्याला वाचायचा तर गुडघ्यांवर बसावं लागतं. निरभ्र, निवांत रात्री थंड हवा सखल भागात साचते, यावर मी दर वर्षी दोन मार्कांचा प्रश्न काढायचो. चौथीत शाळा सुटलेल्या या बाई त्याच प्रश्नावर दोन हजार जीव जगवतात.

गावात सांगतात ती बारा वर्षांपूर्वीच्या त्यांच्या पहिल्या बॅचची गोष्ट. अशाच एका थंडीत शेगडी विझली, बयाबाईंचा डोळा लागलेला, आणि सकाळी तीनशे पिल्लं थंड. नवरा हौशीराम कारखान्यातून पाळी करून आला नि म्हणाला, "बास झालं, मोड ही शेड." त्या म्हणाल्या, "शेडचं काय चुकलं? मी झोपले." तेव्हापासून हिवाळ्यात पिल्लं आली की त्या अंथरूण घालत नाहीत. पालथ्या बादलीवर, भिंतीला टेकून बसतात. पिल्लं बारीक आवाजात बोलत असली तर डोळे मिटतात. आवाज चढला की शेगडी पुढे, पिल्लं लांब पळून चोची उघडून धापा टाकायला लागली की शेगडी मागे. मोबाइलवर गजर लावणारी माझ्यासारखी माणसं याला झोप म्हणणार नाहीत, बयाबाईंकडे मात्र दुसरा शब्द नाही.

पडद्याच्या त्या प्रकारानंतर चार दिवसांनी सकाळी मी भीतभीत गेलो. त्या दिवसानंतर एकही पिलू गेलं नव्हतं. शेगड्या धुमसत होत्या, पिल्लं तुसावर ऐसपैस पसरली होती. बयाबाई चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बादलीवर बसलेल्या, डोळे लालबुंद.

"बयाबाई, ताजा अंदाज आलाय. लाट अजून आठवडाभर आहे म्हणे."

"असंल."

"अहो असेल काय? आठवडाभर! तुम्ही झोपणार कधी?"

त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, पेला खाली ठेवला.

"पिलांना पिसं फुटल्यावर."