गाळलेलं पान

तालुक्याच्या एका कचेरीत स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. चार स्कॅनर, एक सर्व्हर, अन् कुठूनही "होऊन नाही राह्यलं" असा आवाज आला की पळणारा मी. सुरुवातीले लई जोश होता मले! रोज एखादी नवी सेटिंग लावून पाहायचो. कोरं पान आलं की सॉफ्टवेअरनं ते आपोआप गाळायचं, ही सेटिंग मीच चालू केली. कोतवाल बुकं, म्हणजे गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या, त्यात कोरी पानं भरपूर. फायली हलक्या झाल्या, मी खूश.

मंग एक दिवस बीबी गावची एक पोरगी आली. जातपडताळणीसाठी तिले पणजोबाच्या जन्मनोंदीची नक्कल पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी कागद नाही दिला तर कॉलेजची सीट जाणार. मी स्क्रीनवर वही उघडली. पान बेचाळीस. त्याच्यापुढं डायरेक्ट चव्वेचाळीस.

"दादा, त्रेचाळीसवरच हाये. आमच्या काकानं वहीत सोताच्या डोळ्यानं पाह्यलं."

रेकॉर्डवाले बाबू चष्म्यावरून पाहत म्हणाले, "काऊन बे, तुह्या मशीननं खाल्लं काय?"

मी हसलो. नेटवर्क पाह्यलं, फोल्डर पाह्यलं, स्कॅनर बंद करून चालू केला. पोरगी घड्याळ पाहून राह्यली होती. अन् एकदम मले ती कोरं पान गाळायची सेटिंग आठवली. शाई उडाली असन तर? मशीनले ते पान कोरंच दिसलं असन!

वही स्कॅन करून, लाल फडक्याच्या बस्त्यात बांधून माळ्यावर टाकलेली. सगळे बस्ते सारखेच. बाबूंनी शिडी धरली, मी एकेक बस्ता खाली देत गेलो, पोरगी गाठी सोडत गेली. सातव्या बस्त्यात वही निघाली. त्रेचाळीसवर चहाच्या पाण्यासारखी फिक्की अक्षरं.

"हे पाहा, हेच नाव!" तिनं बोट ठेवलं ते उचललंच नाही.

सेटिंग बंद केली, पान स्कॅन केलं, नक्कल निघाली, सही-शिक्का झाला. ती बसस्टँडकडं पळतच गेली.

मी सॉफ्टवेअरनं गाळलेल्या पानांची यादी उघडली. खाली खाली जात राह्यलो. यादी संपेचना. यातली खरंच कोरी किती, कोणाले मालूम?

बाबू कुलूप घेऊन दारात उभे. "चाल ना बे, पाच वाजले."

"बाबूजी, शिडी धरता का जरा? पहिल्या बस्त्यापासून पाहू."

"आज?"

"हाव. आताच."