बिडाचे आठ ठोकळे

विमानतळावर विमानाला मागे ढकलायला, ओढायला एक बुटका, रुंद ट्रॅक्टर असतो. त्याला ना छप्पर, ना ऐट. असाच एक, जवळपास माझ्याच वयाचा, मी कुदळवाडीच्या भंगारातून उचलला. कंपनीनं मला नुकतंच घरी बसवलं होतं. काळेवाडीच्या दोन खोल्यांत आता विमान उतरवणार का, असं बायकोनं विचारलं. उतरवीन, म्हटलं. चिडवलं की मी हट्टाला पेटतो, हे तिला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

चाकणजवळ जमीन विकून उरलेल्या तुकड्यावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पत्र्याची शेड ठोकली होती. सगळे त्यांना आबा म्हणत. शेडचा एक कोपरा त्यांनी मला दिला. तिथं मी वर्षभर राबलो. इंजिन पूर्ण खोललं, बाजारात न मिळणारे सुटे भाग लेथवर स्वतः काढले. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मला रडू आलं, आणि ते मी कुणापासून लपवलं नाही.

मग आबांना तो कोपरा एका पॅकिंगवाल्यासाठी हवा झाला.

"रविवारपातूर हलवा," ते म्हणाले. "न्हाईतर सोमवारी गॅसकटरवाला येतुय."

"आबा, चालू गाडी कापणार?"

"चालू हाय, पन कामाची हाय का? इमान वढतं म्हनं. माजा ट्रक वढून दावा. वढला, तर कोपरा तुमचा."

"ठरलं."

त्यांचा बंद पडलेला दहाचाकी ट्रक फाटकाची अर्धी वाट अडवून बरेच पावसाळे उभा होता. मी त्याचे ब्रेक सोडवले, टायरांत हवा भरली, ट्रॅक्टर आणि ट्रकच्या मधे लोखंडी दांडा जोडला. पॅकिंगवाल्याची खोकी शनिवारीच माझ्या कोपऱ्यात येऊन पडली.

रविवारी सकाळी शेजारच्या शेडमधले कामगार चहा घेऊन बघायला जमले. मी गिअर टाकला. ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी गरागरा फिरली आणि धुरळा उडाला. ट्रक तसूभर हलला नाही. लोक हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढून कटरवाल्याला लावला.

माझी चूक मला त्याच क्षणी कळली आणि कान तापले. ट्रॅक्टर खोलताना त्याच्या पोटात बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, आठ जाडजूड ठोकळे सापडले होते. ते कुठल्याच यंत्राला जोडलेले नव्हते, म्हणून मी काढून टाकले. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात गाडीचं वजन घटवणं म्हणजे पुण्यकर्म. एका पार्टचे दहा ग्रॅम वाचवले म्हणून कंपनीत माझा फोटो फलकावर लागला होता. पण विमान ओढणारा गडी वजनाच्या जोरावरच जमीन धरतो. फालतू बोजा म्हणून मी जे काढलं, तीच त्याची ताकद होती. मला घरी बसवतानाही साहेबांनी बोजा हाच शब्द वापरला होता, आणि मी मान खाली घालून सही केली होती. त्यांचंच शहाणपण मी माझ्या ट्रॅक्टरवर चालवलं, याचा मला भयंकर राग आला.

ते ठोकळे शेडच्या दारातल्या गटारावर पायरी म्हणून पडले होते. वर्षभर मी रोज त्यांवर पाय देऊन आत येत होतो.

"आबा, फोन ठेवा. तुमची पायरी काढतोय."

"आन् आमी आत कसं जायाचं?"

"उडी मारा."

चेन-पुली लावून एकेक ठोकळा पोटात बसवला. दुपार झाली. सकाळी हसलेल्यांपैकी दोघे आपणहून हात लावायला आले. मी पुन्हा गिअर टाकला. या वेळी टायर दबले आणि त्यांनी जमीन धरली. दांडा करकरला. ट्रक आधी बोटभर सरकला, मग हातभर, मग फाटकाबाहेर थेट रस्त्याच्या कडेला आला.

आबा गटारावरून खरंच उडी मारून आले. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"कोपरा तुमचा," ते म्हणाले. "पन लई जड केलंय राव."

"जडच राहणार," मी म्हटलं, आणि पॅकिंगवाल्याची खोकी बाहेर काढायला घेतली.